गारगोटीच्या पोटातलं पाणी

वळवाच्या पावसात टपटपतात त्या गारा, आणि शेताच्या बांधावर सापडतो तो पांढरा टणक दगडही गारच. लहान असली की गारगोटी. अंधाऱ्या खोलीत दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या की आतून उजेड चमकतो आणि जळकट वास येतो. हा उद्योग लहानपणी केलेल्यांना क्वार्ट्झची वेगळी ओळख करून द्यायला नको.

बर्फाला आणि स्फटिकाला एकाच नावानं हाक मारणारे आपण एकटे नाही. ग्रीकांच्या भाषेत ‘क्रिस्टालॉस’ म्हणजे बर्फ, आणि तेच नाव स्फटिकालाही चिकटलं. पण त्यांच्याकडच्या पंडितांनी ते अक्षरशः खरं मानलं. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की, कडाक्याच्या थंडीत पाणी इतकं घट्ट गोठतं की त्याचा स्फटिक होतो, म्हणून तो बर्फाळ मुलखातच मिळतो. पुढे तोच लिहितो की सगळ्यांत उत्तम स्फटिक भारतातून येतो! आता हा बर्फ आमच्याकडे कुठल्या उन्हात गोठत होता, हे त्याला कुणी विचारलेलं दिसत नाही. एक गोष्ट मात्र त्यानं प्रामाणिकपणे नोंदवली: याला सहाच बाजू का असतात, ते सांगणं सोपं नाही.

या सहा बाजूंचा धागा १६६९ मध्ये फ्लॉरेन्समध्ये काम करणाऱ्या निकोलस स्टेनो या डॅनिश वैद्यानं पकडला. एक स्फटिक जाडा, एक काटकुळा, एकाची बाजू रुंद तर दुसऱ्याची चिंचोळी. पण लगतच्या दोन उभ्या बाजूंमधला कोन प्रत्येक वेळी १२० अंशच. त्याचं दुसरं म्हणणं मला जास्त मोलाचं वाटतं. स्फटिक झाडासारखा आतून वाढत नाही, तर भोवतालच्या द्रवातले कण त्याच्या अंगावर बाहेरून बसत जातात. पुढे हा माणूस बिशप झाला आणि दगड मागे पडले.

द्रव कुठला, आणि किती गरम? क्वार्ट्झ ज्या द्रव्याचा बनतो ती सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग, नुसती वितळवून पाहावी, तर तिला सुमारे १७०० अंश सेल्सिअस लागतात आणि निवल्यावर हाती काच येते, स्फटिक नाही. शिवाय १८८९ मध्ये ल शातलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं की ५७३ अंशांच्या आसपास क्वार्ट्झची आतली रचनाच बदलते. म्हणजे आपल्या ओळखीची गारगोटी घडवायची तर त्याच्या खालच्या तापमानाला, आणि तिथे पाण्याशिवाय गत्यंतर नाही. १८४५ मध्ये शाफहॉइटल यांनी सिलिकेचा लगदा पापिनच्या भांड्यात, म्हणजे आपल्या प्रेशर कुकरच्या खापरपणजोबात, पाण्याबरोबर तापवला. सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील एवढे कण मिळाले, पण ते क्वार्ट्झचे होते.

इंग्लंडच्या हेन्री सॉर्बी यांनी १८५८ मध्ये उलट्या बाजूनं सुरुवात केली. त्यांनी तयार स्फटिकाचा पातळ काप भिंगाखाली धरला. आत धुळीएवढ्या कुप्या दिसतात, कुप्यांत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. सॉर्बींचा तर्क असा: स्फटिक वाढताना हा द्रव कुपीत काठोकाठ होता, थंड होताना तो आकसला आणि उरलेल्या जागेत बुडबुडा आला. मग काप पुन्हा तापवत न्यायचा. बुडबुडा बारीक होत होत ज्या तापमानाला नाहीसा होतो, निदान तितका तरी तो द्रव गरम होता. आजही भूशास्त्राच्या प्रयोगशाळांत ही पद्धत रोजच्या वापरात आहे. प्लिनीचं पाणी खरं निघालं, थंडी खोटी निघाली.

हातात धरता येईल असा स्फटिक वाढवला तो तुरिनच्या जॉर्जो स्पेत्सिया यांनी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. बंद भांड्यात वर गरम, खाली थंड. वरचं क्वार्ट्झ विरघळायचं आणि खाली ठेवलेल्या बीजावर, म्हणजे तयार क्वार्ट्झच्या छोट्या तुकड्यावर, बसायचं. गरम पाणी आधीच वर, त्यामुळे ते खेळतच नाही, आणि वाढीला महिनेच्या महिने लागायचे. आजचे कारखाने हेच उलटं करतात: उभ्या पोलादी नळकांड्याच्या तळाशी क्वार्ट्झचे तुकडे आणि जास्त उष्णता, वर टांगलेल्या बीजाच्या चकत्या, आणि अल्कली घातलेलं पाणी हजारांहून अधिक वातावरणांच्या दाबाखाली वरखाली फिरत राहतं. चकतीवर दिवसाला मिलिमीटरच्या आसपास थर चढतो.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर १८८० मध्ये झाक आणि पियेर क्युरी या भावांनी देऊन ठेवलं होतं. क्वार्ट्झ दाबला की त्याच्या बाजूंवर विद्युतभार येतो. उलट विजेच्या झटक्यानं तो ठरलेल्या लयीत थरथरतो. दुसऱ्या महायुद्धात वायरलेस संचांसाठी कोट्यवधी चकत्या लागल्या, ब्राझीलचा कच्चा माल विमानांनी वाहावा लागला, आणि युद्ध संपल्यावर कृत्रिम क्वार्ट्झच्या मागे सगळे हात धुऊन लागले. आपल्या मनगटावरच्या घड्याळातला तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, तो बहुधा असाच नळकांड्यात वाढलेला.

निसर्गात स्फटिक किती वेगानं वाढतो, हा प्रश्न मात्र उरलाच होता. क्वार्ट्झमध्ये अडकलेल्या टायटॅनियमच्या प्रमाणावरून तापमान काढण्याची रीत २००६ मध्ये आली, आणि मूलद्रव्यांच्या अशा खुणा वाचणं वाढलं. २०२० मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या स्टुअर्ट खाणीतल्या स्फटिकांवरून संशोधकांनी हिशेब मांडला की, तो वेग टिकला तर मीटरभर लांबीचा स्फटिक काही दिवसांत तयार होऊ शकतो. लाखो वर्षांची भाषा तोंडी बसलेल्यांना हे पचायला जड आहे. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सोन्याच्या द्रावणात क्वार्ट्झ बुडवून भूकंपासारखे हादरे दिले, तर त्यावर सोनं बसू लागलं, आणि जिथे आधीच सोन्याचा कण होता तिथे जास्त. क्युरी बंधूंची वीज अशी खडकांच्या भेगांत भरलेल्या क्वार्ट्झच्या शिरांमधल्या सोन्यापर्यंत पोचली.

दख्खनच्या गारगोटीचा जन्म जरा निराळा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आपला काळा कातळ. त्यात क्वार्ट्झ म्हणून सुटं असं जवळजवळ काहीच नसतं. पण लाव्हा निवताना त्यातल्या वायूंचे बुडबुडे पोकळ्या होऊन राहिले. झिरपणाऱ्या गरम पाण्यानं कातळातलीच सिलिका विरघळवली आणि या पोकळ्यांत आणून ठेवली. अशी पोकळी फुटली की क्रम उघडा दिसतो. बाहेरून निळसर, मेणचट कॅल्सेडनी, म्हणजे बारीक तंतूंचं क्वार्ट्झच; द्रावण दाट होतं, घाईत बसलं, म्हणून तंतू इतके बारीक. द्रावण विरळ झालं तसे आत टोकं करून बसलेले स्वच्छ स्फटिक, आणि लोहाचा अंश व किरणोत्साराची साथ मिळाली तर जांभळे. त्यांच्याही वर अनेकदा झिओलाइट या खनिजाची पांढरी फुलं किंवा अपोफिलाइट या दुसऱ्या खनिजाचे हिरवे चौकोन. असे नमुने खंडाळ्याच्या घाटात रेल्वेचं काम चाललं तेव्हापासून संग्रहालयांत जात आहेत. सिन्नरला तर ‘गारगोटी’ नावाचंच संग्रहालय आहे. बाकी विहिरीच्या सुरुंगात आणि दगडखाणीत निघतं त्यातलं बरंचसं क्रशरमध्ये जातं आणि खडी होऊन रस्त्यावर पडतं.