मूलनिवासी भाषांच्या जपणुकीची पार्श्वभूमी

संयुक्त राष्ट्रांनी 2022 ते 2032 हा काळ मूलनिवासी भाषांचे आंतरराष्ट्रीय दशक म्हणून जाहीर केला आहे. जगात सात हजारांच्या आसपास भाषा बोलल्या जातात आणि युनेस्कोच्या अंदाजानुसार त्यांपैकी सुमारे 40 टक्के धोक्यात आहेत. काळाच्या ओघात त्या आपोआप क्षीण झाल्या, हा समज इतिहासाला धरून नाही. अनेक ठिकाणी आधी सरकारी कायदा आला, त्यामागून शाळा आली आणि मग घरातली भाषा मुलांच्या तोंडून गेली.

न्यूझीलंडमध्ये 1867 च्या कायद्याने तिथल्या मूलनिवासी माओरी मुलांच्या शाळांत इंग्रजीला अग्रस्थान मिळाले आणि पुढे कित्येक मुलांनी शाळेत माओरी बोलल्याबद्दल मार खाल्ला. तीच पिढी पालक झाली तेव्हा आपल्या मुलांशी माओरी बोलायला कचरू लागली. 1972 मध्ये शाळांत माओरी शिकवावी, अशी मागणी करणारा तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज तिथल्या संसदेत दाखल झाला. 1982 मध्ये माओरी समाजाच्या पुढाकाराने बालवाड्या निघाल्या, ज्यांत वडीलधारी माणसे लहान मुलांशी केवळ माओरीत बोलत. भाषेला अधिकृत दर्जा देणारा कायदा मात्र 1987 चा आहे, आणि हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. हवाईतील पालकांनीही 1984 मध्ये हाच कित्ता गिरवला. मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांत 144 मतांनी संमत झाला, तेव्हा विरोधात मत देणाऱ्या चार देशांत अमेरिका आणि न्यूझीलंड होते. पुढे चौघांनीही भूमिका बदलली.

आपल्याकडे 1961 च्या जनगणनेत 1652 मातृभाषांची नोंद झाली होती. 1971 पासून दहा हजारांपेक्षा कमी भाषिक असलेल्या भाषा स्वतंत्रपणे दाखवणे बंद झाले, आणि असंख्य लहान बोली सरकारी कागदांवर दिसेनाशा झाल्या. ही उणीव भरून काढण्यासाठी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात शिकलेले गणेश देवी यांनी 2010 मध्ये भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण हाती घेतले आणि त्यात 780 भाषांची नोंद झाली. त्याच वर्षाच्या जानेवारीत अंदमानात बोआ सीनियर या वृद्धेचे निधन झाले आणि तिच्यासोबत बो भाषा संपली.

कोल्हापूर परिसरात हा प्रश्न भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांत दिसतो. गुजरातीशी नाते सांगणारी पारधी, तमिळच्या जवळची कैकाडी, तेलुगूशी जुळणारी वडारी या बोली इथे मराठीच्या शेजारी नांदत आल्या. परंतु 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या सुधारणांनी यांतील अनेक जमातींना जन्मतःच संशयित ठरवले. पोलिसांसाठी त्या काळी लिहिलेल्या पुस्तकांत त्यांच्या बोलीतील शब्द चोरांचे सांकेतिक शब्द म्हणून छापलेले आढळतात. अशा वेळी चारचौघांत आपली बोली बोलणे म्हणजे स्वतःहून संशय ओढवून घेणे होते. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये करवीर संस्थानात अशा जमातींना अधिकाऱ्यांपुढे नियमित हजर राहायला लावणारी हजेरीची पद्धत बंद केली आणि फासेपारध्यांना पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या. भाषा जपण्याचा हेतू त्यामागे असेल किंवा नसेल. पण माणसावरचा कलंक पुसल्याखेरीज त्याची बोली मोकळेपणाने कानावर पडत नाही, हे लक्षात घेतले तर या निर्णयाची गणना भाषारक्षणाच्या इतिहासातही करायला हवी. ब्रिटिशांचा कायदा रद्द व्हायला 1952 साल उजाडले.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यांनी करावी, असे सांगणारे कलम 350 क 1956 मध्ये संविधानात आले. बोडो आणि संथाळी 2003 मध्ये संविधानातील भाषांच्या यादीत, म्हणजे आठव्या अनुसूचीत, दाखल झाल्या, तर 2011 च्या जनगणनेत एक कोटीहून अधिक भाषिक असलेली भिली अजूनही बाहेर आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद कोल्हापुरातही साजरा झाला. पारधी किंवा कैकाडी घरातून पहिलीच्या वर्गात येणाऱ्या मुलाच्या हाती मात्र आजही मराठीचेच पुस्तक पडते.