दुखत नाही, ती जागा टाळा

नागपुरातल्या महाल-इतवारीतल्या कुठल्याही घरात इन्सुलिन घेणाऱ्या काकूंना विचारा, पोटावर नेमकं कुठे टोचता? बोट न बघता एकाच ठिकाणी जातं. ब्लाउज आणि परकर यांच्या मधली, बेंबीशेजारची उघडी पट्टी. साडी सोडायला नको, सकाळच्या घाईत पटकन काम होतं. आणि वर उत्तर तयार असतं, "तिथं दुखतच नाही ना!"

मला काळजी वाटते ती या उत्तराचीच. इन्सुलिन साखर जिरवतं, तसंच ते चरबीच्या पेशींना वाढायलाही लावतं. रोज त्याच जागी टोचत राहिलं की तिथली चरबी फुगते, घट्ट होते. डॉक्टर याला लिपोहायपरट्रॉफी म्हणतात. ही गाठ कॅन्सरची नव्हे, पण तिथे संवेदना कमी होते. म्हणून सुई बोचत नाही, म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो आणि गाठ आणखी वाढते.

पुष्कळदा ती डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागते. आंघोळीच्या वेळी साबणाच्या ओल्या हाताने, बोटांच्या टोकांनी बेंबीच्या दोन्ही बाजू गोल गोल चाचपून बघा. चांगल्या जागेची कातडी चिमटीत सहज, पातळ येते. गाठीवरची चिमटीत धड येत नाही, जाड रबरासारखी लागते आणि कुठे तरी तिची कडाही बोटाला कळते.

अशा गाठीत सोडलेलं इन्सुलिन रक्तात कमी आणि कसंही पोचतं. आज शुगर चढलेली, उद्या अचानक लो. मग दोष जातो कालच्या सावजीला नाहीतर लग्नातल्या जेवणाला, आणि डोस वाढत जातो. स्पेनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या ४३० जणांची तपासणी झाली, तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे ६४ टक्के लोकांना अशा गाठी होत्या. गाठी असलेल्यांना दिवसाला सरासरी ५६ युनिट इन्सुलिन लागे, नसलेल्यांना ४१. औषधाच्या खर्चातला हा फरक महिन्याच्या बिलावर दिसतो.

जागेचा एवढा परिणाम का होतो? साध्या इन्सुलिनचे रेणू बाटलीत सहा-सहाच्या गटाने असतात. कातडीखाली गेल्यावर हे गट सुटतात, सुटे रेणू केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांत शिरतात. पोटावरून हे काम लवकर होतं, दंडावरून जरा उशिरा, मांडी आणि कुल्ल्यावरून सावकाश. नवी झटपट इन्सुलिन लवकर सुटावीत अशीच घडवलेली आहेत, त्यामुळे त्यांच्यात हा फरक बराच कमी असतो. जुन्या प्रकारचं इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र सकाळचं पोटावर तर रोज सकाळी पोटावर, रात्रीचं मांडीवर तर रोज रात्री मांडीवर, असं ठेवावं. जागा बदलायची ती त्या भागाच्या आतल्या आत.

मांडीवर टोचून लगेच अंबाझरीला फिरायला निघालात, तर चालणाऱ्या पायातून इन्सुलिन लवकर शोषलं जातं. १९७८ सालीच हे प्रयोगात दिसलं होतं. फिरायला जायचं असेल तेव्हा पोट बरं. उन्हाचंही तसंच. नवतपात गाडीवरून तापून आल्यावर किंवा कढत पाण्याच्या आंघोळीनंतर कातडीतला रक्तप्रवाह वाढलेला असतो, औषध भराभर उचललं जातं. थोडं गार व्हा, मग टोचा.

पोटाचे बेंबीतून चार भाग कल्पा. या आठवड्यात एक, पुढच्यात दुसरा. त्या भागात कालच्या टोचणीपासून निदान एक बोट अंतर. बेंबीला लागून आणि परकराच्या नाडीचा काच पडतो तिथे नको. दंडाचा मागचा भाग चालतो, पण स्वतःच्या हाताने तिथे चिमटी धरता येत नाही, म्हणून दुसरं कुणी टोचणार असेल तरच. मांडीची पुढची-बाहेरची बाजू घ्यावी, आतली नाही.

सुईबद्दल: कातडी जाड माणसाचीही साधारण दोन-अडीच मिलिमीटरच असते. म्हणून इन्सुलिन पेनची ४ मिलिमीटरची सुई बहुतेक मोठ्या माणसांना पुरते, सरळ टोचायची, बटण दाबून दहा आकडे मोजायचे. सुई लांब असेल किंवा सिरिंज असेल तर चिमटी धरावी. स्नायूत गेलेलं इन्सुलिन झपाट्याने काम करतं आणि शुगर धडकन उतरते. एकच सुई दिवसेंदिवस वापरणाऱ्यांत गाठी जास्त आढळतात.

 

आता गाठ सापडलीच तर आजच जागा बदलून तोच डोस घेऊ नका. गाठीत अर्धवट मुरणारं इन्सुलिन चांगल्या जागेवरून पुरेपूर लागू पडेल आणि शुगर लो होईल. आधी डॉक्टरांना गाठ दाखवा, डोस किती कमी करायचा ते विचारा. पुढचे काही दिवस ग्लुकोमीटर जास्त वेळा वापरा, तीन चमचे साखर हाताशी ठेवा. टोचणं थांबवलेली गाठ काही महिन्यांत मऊ पडत जाते, पण ती पुरती विरेपर्यंत तिथे पुन्हा टोचायचं नाही.