नवी कार्यपद्धत बसवताना: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

बेळगाव भागातल्या उद्यमबाग, मच्छे, खानापूर, निपाणी आणि आसपासच्या लहान कारखान्यांना व पतसंस्थांना आम्ही कामाची नवी पद्धत बसवायला मदत करतो. सॉफ्टवेअर आम्ही विकत नाही. ते तुम्ही घेतलेलं असतं किंवा घ्यायच्या विचारात असता. ते माणसांच्या अंगवळणी पडेपर्यंतचं काम आमचं.

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, आम्ही गेलो तेव्हा स्टोअरमध्ये कॉम्प्युटर होता, पॅटर्नची, म्हणजे साचा घडवायच्या नमुन्यांची, नोंदही त्यात होती. पण स्टोअरकीपर मामांच्या टेबलाच्या खणात एक लाल वही होती आणि खरा हिशेब तिच्यात होता. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक पॅटर्नला ड्रॉइंग नंबर दिलेला. साचे घडवणारा मोल्डर मात्र खिडकीशी येऊन म्हणायचा, "मामा, ते मोठं हाउसिंग द्या, कान दुरुस्त केलेलं." नंबर सापडेपर्यंत तिकडे मोल्डिंग थांबायचं. मामांचा नव्या पद्धतीला विरोध नव्हता, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मग प्रत्येक नंबरापुढे कामगारांच्या तोंडातलं नाव मराठीत आणि कन्नडमध्ये भरलं. भरायला मामाच बसले. महिन्याभरात ती वही त्यांनी आपणहून ऑफिसात आणून दिली.

म्हणून आमचं काम टप्प्याटप्प्याने चालतं. एक टप्पा संपला की तुमच्यासोबत बसतो आणि तुम्ही 'पुढे चला' म्हणालात तरच पुढचा सुरू होतो. ब्रिटनमध्ये 1996 साली आलेल्या प्रिन्स-टू या प्रकल्प-पद्धतीतून आम्ही हे घेतलं आहे. ज्या कारणासाठी काम काढलं ते कारण अजून टिकून आहे का, हे त्यात प्रत्येक टप्प्याला तपासतात. टिकून नसेल तर काम तिथेच थांबवलेलं बरं, आणि तसं आम्ही स्वतःहून सांगतो.

पहिल्या टप्प्यात फक्त एक कागद तयार होतो. बदल कशासाठी आणि आजचा आकडा काय, एवढंच त्यावर असतं. 'पॅटर्न शोधण्यात फार वेळ जातो' एवढ्यावर आम्ही थांबत नाही. आठवडाभर घड्याळ लावून मोजतो, कारण पुढे फरक पडला की नाही हे त्या आकड्यावरच कळणार.

दुसरा टप्पा सगळ्यात जास्त वेळ खातो आणि तो खाऊ द्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. माल आत येतो तिथपासून गाडी गेटबाहेर पडेपर्यंत आम्ही कामाबरोबर चालतो आणि ज्याच्या हातचं काम बदलणार आहे त्या प्रत्येकाशी बोलतो. आपल्या सीमाभागात यातून हमखास काहीतरी निघतं. उदाहरणार्थ, मशीनिंगसाठी कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, शिनोळीला जातं. रस्ता थोडक्याचा, पण आपण कर्नाटकात आणि शिनोळी महाराष्ट्रात. दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्करकडे माल पाठवताना ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचं जीएसटीचं ऑनलाइन बिल, लागतं, मालाची किंमत 50,000 रुपयांच्या आत असली तरी. ते कोण काढणार? संध्याकाळी ऑफिस बंद झाल्यावर गाडी भरली तर? चलन फाडून गाडी सोडायची सवय असलेल्या सुपरवायझरला हे आधी समजावलं नाही, तर चांगली पद्धतसुद्धा गेटवरच अडते.

तिसऱ्या टप्प्यात एकाच विभागात जुनी आणि नवी पद्धत सोबत चालवतो. दुहेरी लिहावं लागतं, माणसं वैतागतात. तरी सलग दोन महिनाअखेर दोन्हीकडचे आकडे जुळल्याशिवाय जुनं रजिस्टर बंद करू देत नाही. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञांनी 1947 मध्ये मांडलं होतं की आधी जुनी सवय वितळवावी लागते, मग बदल करायचा आणि मग नवी सवय पुन्हा गोठू द्यायची. फाउंड्रीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. साचा घाईने फोडला की कास्टिंगला तडा जातो. बदल झाल्यावरही आम्ही तीन महिने येत राहतो ते याचसाठी.

तारखा ठरवताना आम्ही कॅलेंडरबरोबर गावाकडेही बघतो. भाताच्या सुगीत खानापूर भागातली निम्मी माणसं शेतावर असतात. गणपतीचे दिवस आणि मार्चअखेर हेही सोडायचे. गावची जत्रा कधी आहे ते कामगारांनाच विचारा.

तुमच्याकडून दोन गोष्टी लागतील. रोज दोन तास मोकळा असणारा एक जबाबदार माणूस, आणि पहिल्या दिवशी मालकांनी स्वतः सगळ्यांसमोर उभं राहून बदल कशासाठी ते सांगणं. ते आमच्या तोंडून चालत नाही. माणसं कमी करायची आहेत पण नाव नव्या पद्धतीचं द्यायचं आहे, असं असेल तर ते काम आम्ही घेत नाही.

पहिल्या भेटीचे पैसे नाहीत, दोन तास लागतात. कॉम्प्युटरचे रिपोर्ट छापून ठेवायची गरज नाही. गेटवरचं रजिस्टर, वजनकाट्याच्या पावत्या आणि कुणाच्या खणात वही असेल तर ती, एवढं काढून ठेवा.