दव गोठलं की भाजी गेली?

‘दव गोठवणारी शेवटची थंडी पडून गेल्याशिवाय बागेत बी टाकायचं नाही,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. टोमॅटो, काकडी, घेवड्यासाठी तो अगदी बरोबर आहे. पालक, वाटाणा, मुळा, केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) यांना मात्र तो उगाच लावला जातो.

थंडी वाढू लागली की पालक आणि केलच्या पेशींत साखर साठते. साखरेमुळे पेशीतलं पाणी शून्य अंशाखाली गेलं तरी लगेच गोठत नाही. दव गोठलेल्या सकाळी पालकाची पानं काचेसारखी कडक, जमिनीला टेकलेली दिसतात, मेलीच वाटतात. उपटू नका! ऊन वर आलं की बहुतेक वेळा ती पुन्हा उभी राहतात. आणि हो, अशी पानं चवीलाही गोड लागतात.

माती ५ अंशांच्या आसपास असली तरी पालक-वाटाणा उगवतो, फक्त सावकाश. तीन ते पाच आठवडे धीर धरावा लागतो. खरा शत्रू थंडीपेक्षा चिखल. मूठभर माती दाबून पाहा: गोळा बोटाने टोचल्यावर फुटला तर पेरा, चिकटून राहिला तर थांबा. गच्च ओल्या मातीत बी कुजतं, आणि दोष मात्र थंडीला जातो. घरात वाढवलेली रोपं तेवढी आठवडाभर थोडी-थोडी बाहेर ठेवून सरावू द्या.