छेत्रीला परत का बोलवावं लागलं?

मार्च २०२५ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने जाहीर केलं की स्ट्रायकर सुनील छेत्री निवृत्ती मागे घेऊन पुन्हा भारताकडून खेळणार. त्याचं वय तेव्हा ४० होतं. आधीच्या जूनमध्ये सॉल्ट लेक स्टेडियमवर हजारो लोकांनी रडत रडत त्याला निरोप दिला होता. त्यामुळे या बातमीने आनंद झाला तसा अनेकांना संकोचही वाटला. दीडशे कोटींच्या देशाला गोल करणारा दुसरा माणूस सापडू नये, हा प्रश्न त्या आठवड्यात सगळीकडे विचारला गेला. तो रास्तच होता, पण रोख चुकीच्या दिशेला होता. दोष तरुण स्ट्रायकरांवर ढकलला गेला. खरं कारण छेत्री ज्या ज्या क्लबांतून गेला, त्यांच्या हकिकतीत सापडतं.

छेत्रीचा जन्म ३ ऑगस्ट १९८४ चा, सिकंदराबादचा. वडील लष्करात, त्यामुळे बदल्यांच्या गावी बालपण. आई सुशीला आणि मावशी या जुळ्या बहिणी, दोघीही नेपाळच्या महिला संघाकडून खेळलेल्या. दिल्लीच्या सिटी क्लबमधून तो २००२ मध्ये कोलकात्याच्या मोहन बागानमध्ये आला. तिथे प्रशिक्षक होते सुब्रत भट्टाचार्य. पुढे त्यांच्याच मुलीशी त्याचं लग्न झालं. पण बागानमधली ती तीन वर्षं काही फार गाजली नाहीत. मोठ्या क्लबात पुढच्या फळीत परदेशी खेळाडू, आणि पोरसवदा मुलाच्या वाट्याला उरलीसुरली मिनिटं. हे चित्र पुढे वीस वर्षं बदललं नाही, म्हणून इथेच नोंदवून ठेवतो.

त्याला घडवलं ते पंजाबातल्या फगवाड्याच्या जेसीटीने. कापड गिरणीचा हा क्लब १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकलेला. २००५ ते २००८ या तीन हंगामांत छेत्रीला तिथे सामन्यामागून सामना पुढे खेळायला मिळालं. २००६-०७ मध्ये जेसीटी दुसरी आली आणि २००७ चा देशातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. उंची जेमतेम साडेपाच फुटांच्या वर, तरी डोक्याने गोल करण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. त्याचं रहस्य उडीत कमी आणि वेळ साधण्यात जास्त आहे. क्रॉस, म्हणजे बाजूने मारलेला चेंडू, येताना तो बचावपटूच्या मागे, त्याच्या नजरेआड उभा राहतो आणि चेंडू सुटल्यावर दोन पावलं पुढे घुसतो. उंच बचावपटू जागेवरून उडतो, हा धावत येऊन उडतो. ही अक्कल सरावात थोडी आणि सामन्यात जास्त येते. शंभर वेळा चुकायची मुभा असेल, तरच येते.

राष्ट्रीय संघात त्याला आणलं सुखविंदर सिंग यांनी. १२ जून २००५, क्वेट्टा, समोर पाकिस्तान. सामना १-१ सुटला आणि भारताचा गोल छेत्रीचा होता. ती पहिली जर्सी हातात आली तेव्हा आपण तिच्यावर परफ्यूम मारला, का ते माहीत नाही, असं त्याने निवृत्तीच्या व्हिडिओत सांगितलं होतं. २००७ आणि २००९ चा नेहरू चषक भारताने जिंकला, पण खरा टप्पा त्या दोहोंच्या मधला. १३ ऑगस्ट २००८ ला दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर एएफसी चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात भारताने ताजिकिस्तानला ४-१ ने हरवलं. त्यात छेत्रीची हॅट्ट्रिक होती. त्या विजेतेपदाने २०११ च्या आशिया चषकाचं दार उघडलं. १९८४ नंतर भारत पहिल्यांदाच तिथे खेळणार होता. दोह्यात तिन्ही सामने गेले, पण बहारीन आणि दक्षिण कोरियाविरुद्ध छेत्रीने गोल केले. त्याच वर्षी बायचुंग भुतिया निवृत्त झाला आणि पुढच्या फळीचा सगळा भार याच्यावर आला.

परदेशाची दारं मात्र त्याच्यासाठी किलकिली होऊन मिटत राहिली. २००९ मध्ये इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने त्याला करारबद्ध केलं, पण भारत फिफा क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये नसल्याने ब्रिटनने कामाचा परवाना नाकारला. खेळाडू पसंत पडला होता, नापास झाला तो देश. मग २०१० मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटी विझर्ड्स, तिथे लीगचा एकही सामना नाही. २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगचा ब संघ, तिथे बदली म्हणून काही मोजकी मिनिटं. दोन्हीकडून तो वर्षाच्या आत परतला.

मधल्या काळात देशातले क्लब बदलत राहिले: ईस्ट बंगाल, गोव्याचा डेम्पो, कोलकात्याचा चिराग युनायटेड, पुन्हा मोहन बागान, मग चर्चिल ब्रदर्स. आता या यादीकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. जेसीटीने २०११ मध्ये गाशा गुंडाळला. चिराग युनायटेडचं प्रायोजकाबरोबर नावही बदललं आणि पुढे तो वरच्या पातळीवरून नाहीसा झाला. राष्ट्रीय लीग आणि तिच्या जागी आलेली आय-लीग मिळून पाच वेळचा विजेता डेम्पो २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवाबरोबर लीगमधून बाहेर पडला. महासंघाने आखलेल्या नव्या रचनेत आय-लीग दुय्यम ठरणार होती, त्याचा हा निषेध होता. आपल्या मुंबईतही तेच. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, मुंबई एफसी २०१७ मध्ये. एका खेळाडूच्या कारकिर्दीत त्याच्या पायाखालचे इतके क्लब नाहीसे व्हावेत, असं उदाहरण फुटबॉल नीट चालणाऱ्या देशांत शोधून सापडणार नाही.

एक क्लब गेला म्हणजे फक्त जर्सी गेली असं नाही. ज्या मुलाला बागानमध्ये बेंचवर बसावं लागतं, त्याला खेळवणारी फगवाड्यासारखी जागा गेली.

२०१० मध्ये महासंघाने आयएमजी-रिलायन्स या कंपनीबरोबर १५ वर्षांचा, ७०० कोटींचा करार केला. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. पैसा आला, टीव्हीवर चकाचक प्रक्षेपण आलं, खेळाडूंचे पगार सुधारले. २०१५ च्या लिलावात छेत्री १ कोटी २० लाखांना मुंबई सिटीकडे गेला. तो त्या लिलावातला सगळ्यात महागडा खेळाडू होता. फ्रान्सचा निकोलस अनेल्का तिथे खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत. नॉर्थईस्ट युनायटेड क्लबविरुद्धची छेत्रीची हॅट्ट्रिक ही या लीगमधली भारतीयाची पहिली. इथपर्यंत सगळं छान.

पण नियम बघा. पहिल्या हंगामात अकरांपैकी किमान पाच भारतीय, म्हणजे मैदानावर एका वेळी सहा परदेशी चालत. २०१७ पासून पाच, २०२१ पासून चार. मालकाला निकाल लगेच हवा असतो, प्रशिक्षकाला नोकरी टिकवायची असते. मग चार जागा कुठे खर्च होतात? एक मध्यवर्ती बचावात, एक मधल्या फळीत, आणि एक तरी हमखास पुढे, नऊ नंबरवर, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या जागी. भारतीय आघाडीपटूला विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, ढकललं जातं. मनवीर सिंगचं उदाहरण घ्या. राष्ट्रीय संघात त्याच्याकडून स्ट्रायकरचे गोल अपेक्षित, आणि मोहन बागानमध्ये तो वर्षानुवर्षं उजव्या विंगवर, कारण मध्ये ऑस्ट्रेलियन उभे. आठवडाभर जे काम करायचंच नाही ते देशाची जर्सी चढवली की अचानक जमावं, ही अपेक्षाच विचित्र आहे.

छेत्री तरी यातून सुटला का? नाही. २०१३ मध्ये जेएसडब्ल्यू उद्योगसमूहाने बेंगळुरू एफसी काढला, पहिल्याच वर्षी आय-लीग जिंकली आणि २०१६ मध्ये एएफसी कपच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. या सगळ्यात छेत्री कर्णधार, पण बराच काळ डाव्या बाजूने खेळणारा. २०१७-१८ च्या हंगामात मध्ये व्हेनेझुएलाचा मिकू होता. मिकूचे १५ गोल झाले आणि बाजूने खेळून छेत्रीचे १४. त्याला हे निभावलं, कारण गोलसमोरची जागा त्याने जेसीटी आणि डेम्पोत आधीच घोटून ठेवली होती. नंतरच्यांना घोटायला पाटीच मिळाली नाही.

देशासाठीचे गोल तोवर वाढत होते. जून २०१८ मध्ये मुंबईत इंटरकॉन्टिनेंटल कप झाला. अंधेरीत चायनीज तैपेईविरुद्ध भारत ५-० जिंकला, छेत्रीची हॅट्ट्रिक, आणि प्रेक्षक २,५६९. दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ टाकला: आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याची तिकिटं संपली. तो त्याचा शंभरावा सामना होता आणि भर पावसात त्याने दोन गोल केले. २०१९ च्या आशिया चषकात थायलंडला ४-१ ने हरवताना आणखी दोन, ज्यांनी त्या घडीला तो आंतरराष्ट्रीय गोलांत मेस्सीच्या पुढे गेला. वर्तमानपत्रांनी ही तुलना पार घासून टाकली. खरं तर त्याच्या गोलांमधला मोठा वाटा दक्षिण आशियाई शेजाऱ्यांविरुद्धचा आहे, आणि ते कबूल करण्यात काही बिघडत नाही. समोर कोण येणार हे त्याच्या हातात नव्हतं.

जानेवारी २०२४ च्या आशिया चषकात भारत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांकडूनही हरला आणि एकही गोल झाला नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने २-१ ने हरवलं. भारताचा तो एक गोल छेत्रीच्या पेनल्टीचा, त्याचा १५० वा सामना आणि ९४ वा गोल. ६ जूनला कोलकात्यात कुवेतशी ०-० झालं आणि तो निवृत्त झाला, तेव्हा सर्वकालीन आंतरराष्ट्रीय गोलांच्या यादीत चौथा. पुढे फक्त रोनाल्डो, मेस्सी आणि इराणचे अली दाई. विश्वचषक पात्रतेतून भारत लगेच बाहेर पडला, प्रशिक्षक इगोर श्टिमाच यांना काढलं आणि मानोलो मार्केझ आले. २०२४ हे अख्खं वर्ष भारताने एकही सामना जिंकला नाही.

इकडे क्लबसाठी छेत्री थांबायला तयार नव्हता. २०२४-२५ च्या लीगमध्ये त्याने १४ गोल केले. भारतीयांमध्ये सगळ्यात जास्त. डिसेंबरमध्ये केरळ ब्लास्टर्सविरुद्ध हॅट्ट्रिक. उपांत्य फेरीत गोव्यात भरपाई वेळेत हेडर, ज्याने बेंगळुरूला अंतिम फेरीत नेलं. मार्केझ यांनी भावनेपोटी त्याला बोलावलं नाही, आकडे बघूनच बोलावलं. १९ मार्चला शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध भारत ३-० जिंकला. ४८९ दिवसांनंतरचा पहिला विजय. पहिला गोल मुंबईकर राहुल भेकेचा, तिसरा छेत्रीचा, लिस्टन कुलासोच्या क्रॉसवर डोक्याने. ९५ वा आणि शेवटचा.

त्यापुढे जादू चालली नाही. बांगलादेशशी ०-०, हाँगकाँगमध्ये हार, मार्केझ गेले, खालिद जमील आले. १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरने २-१ ने हरवलं आणि २०२७ च्या आशिया चषकाची वाट बंद झाली. भारताचा गोल विंगर छांगतेचा. त्यानंतर छेत्रीने आंतरराष्ट्रीय फुटबॉल पुन्हा सोडलं. आयएमजी-रिलायन्सबरोबरचा १५ वर्षांचा तो करारही तेव्हा संपत आला होता. लीग कधी सुरू होणार हेच ठरेना, आणि बेंगळुरूसह काही क्लबांनी ऑगस्टमध्येच पगार थांबवले होते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये फुटबॉलपटू रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. त्याची आई मूळची मुंबईची. भारतीय पासपोर्ट त्याला छेत्रीच्या हातून मिळाला. पुढच्या फळीचा प्रश्न सुटणार अशी चर्चा लगेच रंगली. विल्यम्स मुळात विंगर आहे.