टँकर चालवायचाय? लायसन्सवरची 'हॅझर्डस'ची नोंद अशी मिळते

हेवी लायसन्स हातात पडलं की पेट्रोलचा टँकर चालवायला मोकळे, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. पेट घेणारा, विषारी, स्फोटक किंवा अॅसिडसारखा माल नेणारी गाडी चालवायची तर लायसन्सवर वेगळी नोंद लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९ याच नोंदीचा आहे. आरटीओच्या आवारात तिला 'हॅझर्डसचं एन्डॉर्समेंट' म्हणतात.

आधी ट्रान्सपोर्ट, म्हणजे व्यावसायिक वाहनाचं, लायसन्स हवं. म्हणजे वय किमान २० वर्षं, आणि त्याआधी हलक्या वाहनाचं लायसन्स काढून वर्ष झालेलं. दुसरी अट लिहिण्यावाचण्याची: राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा आणि इंग्रजी, दोन्ही. इथे लोकांचा गोंधळ होतो. ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठीची आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली, पण हॅझर्डससाठी वाचता-लिहिता येण्याची अट तशीच आहे.

तिसरी अट प्रशिक्षणाची, आणि खरा जीव तिच्यातच आहे. राज्य सरकारची मान्यता असलेल्या संस्थेत तीन दिवसांचा अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र घ्यायचं. पैसे भरण्याआधी संस्थेची मान्यता चालू आहे ना, हे आरटीओत विचारून घ्या. सुरक्षित ड्रायव्हिंग त्यात आहेच, पण जास्त महत्त्वाचा भाग मालाचा: गळती झाली तर काय करायचं, कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा, संरक्षक साधनं कशी वापरायची, प्रथमोपचार, विहिरी-नद्यांत माल जाऊ नये म्हणून काय करायचं.

टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे जी पाटी असते, ती वाचायलाही इथेच शिकवतात. यूएन क्रमांक म्हणजे माल ओळखायचा आंतरराष्ट्रीय क्रमांक: पेट्रोलचा १२०३, क्लोरीनचा १०१७, निर्जल अमोनियाचा १००५. हॅझकेम कोड अपघातात काय करायचं ते सांगतो, पेट्रोलचा '३ वाय ई'. त्यातला ३ म्हणजे आगीवर फोम मारा. 'वाय' सांगतो की माल धुऊन गटारात सोडू नका, जागच्या जागी अडवा, आणि जवळ जाणाऱ्याने श्वसनयंत्र लावा. 'ई' म्हणजे आसपासची माणसं हलवण्याचा विचार करा. अग्निशमन दलाचा जवान लांबूनच हे वाचतो आणि पाणी घ्यायचं की फोम, ते ठरवतो. गाडीत दुसरा माल भरला आणि पाटी मात्र आधीच्याच मालाची राहिली, तर तो चुकीच्या तयारीनिशी पुढे जाईल. पाटी बदलणं हे किरकोळ काम नाही, ते यासाठी.

आता अर्ज. नियमात साध्या कागदावरचा अर्ज, लायसन्स आणि प्रमाणपत्र, एवढंच मागितलंय. आता काम परिवहनच्या सारथी पोर्टलवरून सुरू होतं. लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाकून लायसन्सच्या सेवांमध्ये जा आणि हॅझर्डस मटेरियलच्या एन्डॉर्समेंटची सेवा निवडा. यादीत डोंगराळ भागाच्या एन्डॉर्समेंटची सेवाही असते. घाईत तिच्यावर टिचकी मारू नका. प्रमाणपत्र आणि पोर्टल मागेल ती कागदपत्रं अपलोड करा, फी भरा, पावती जपून ठेवा. आरटीओत मूळ लायसन्स, मूळ प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा आणि फोटो बरोबर असू द्या. वैद्यकीय प्रमाणपत्र मागितलं तर ते नमुना १-अ मध्ये डॉक्टरांकडून घ्यायचं. अर्ज तुम्ही राहता त्या भागाच्या आरटीओकडे करायचा. लायसन्स मुळात दुसरीकडचं असलं तरी हरकत नाही, मूळ कार्यालयाला हे आरटीओ स्वतः कळवतं.

प्रमाणपत्रावरचं नाव आणि लायसन्सवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का, हे संस्थेतून बाहेर पडण्याआधीच बघा. वडिलांच्या नावाचं एक स्पेलिंग चुकलं तरी हेलपाटे सुरू होतात.

मुदतीत बरेच जण फसतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ट्रान्सपोर्ट लायसन्स पाच वर्षं चालतं, हॅझर्डस मालाचं मात्र तीनच वर्षं. पूर्वी ते एकच वर्ष होतं. कार्डावरची मोठी तारीख बघून निर्धास्त राहिलात, तर मधल्या काळात टँकर चालवण्याचा परवाना संपलेला असतो. नूतनीकरणासाठी उजळणी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. त्याच्या बॅचची वाट बघावी लागू शकते, तेव्हा तारखेच्या दोनेक महिने आधीच नाव नोंदवून ठेवा.

नोंद झाली की नियम १३१ ते १३६ तुम्हालाही लागू. माल पाठवणाऱ्याकडून ट्रेम कार्ड, म्हणजे मालाचे धोके आणि अपघातात काय करायचं ते लिहिलेलं कार्ड, मागून घ्या आणि ते केबिनमध्ये, हाताशी ठेवा. सीटखालच्या पेटीत नको. अपघात झाला तर लगेच जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायचं आणि मालकालाही सांगायचं, हे नियम १३६ मध्ये स्पष्ट लिहिलंय. ते कार्ड आलेल्या अग्निशमन दलाच्या हातात द्या.