एका की खाली अनेक रेकॉर्ड, आणि त्यांची रांग लावणारं फंक्शन

एम्बेडेड डेटाबेस म्हणजे वेगळा सर्व्हर वगैरे काही नाही, तुमच्या प्रोग्रॅमच्या पोटातच लायब्ररी म्हणून बसलेला डेटाबेस. बर्कली डीबी हे त्यातलं जुनं नाव. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमध्ये सुरू झालं, १९९६ मध्ये त्याच्यासाठी स्लीपीकॅट ही कंपनी निघाली आणि २००६ मध्ये ती ओरॅकलने घेतली.

यात फक्त की, म्हणजे ज्यावरून शोधायचं ते नाव, आणि तिची व्हॅल्यू, म्हणजे त्याखाली ठेवलेली माहिती. एरवी एका कीला एकच व्हॅल्यू, पण डुप्लिकेट चालू केले की एका कीखाली कितीही ठेवता येतात, म्हणजे की 'पुणे' आणि तिच्याखाली पुण्यातल्या सगळ्या ग्राहकांचे नंबर. हे नंबर क्रमाने लावलेले असतील तर हवा तो पटकन सापडतो, आणि 'पुण्यातले' आणि 'सायकल घेतलेले' अशा दोन याद्यांमधले समान ग्राहकही झटकन काढता येतात.

आता क्रम लावायचा कसा? डेटाबेसला आत नंबर आहे की नाव आहे काही माहीत नसतं, त्याला दिसतात फक्त बाइट, म्हणून तो पहिल्या बाइटपासून एकेक तुलना करत जातो. इथेच घोळ होतो. इंटेलच्या प्रोसेसरवर चार बाइटचा आकडा उलटा साठवला जातो, लहान भाग आधी. १ म्हणजे ०१ ०० ०० ०० आणि २५६ म्हणजे ०० ०१ ०० ००, त्यामुळे २५६ चक्क १ च्या आधी येऊन बसतो. मराठी शब्दांचंही तसंच. युनिकोडमध्ये ळ हा ल ला चिकटून आहे, मग 'केळ' आधी आणि 'केस' नंतर, पण आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर, म्हणजे 'केस' आधी यायला हवा. आणि क्ष तर मेमरीत क, हलन्त आणि ष असाच असतो, त्यामुळे 'क्षमा' जाते क च्या शब्दांत.

म्हणून तुलना करणारं फंक्शन आपण स्वतः द्यायचं. त्याला दोन रेकॉर्ड, म्हणजे एका कीखालच्या दोन व्हॅल्यू, मिळतात, पहिलं लहान असेल तर ऋण आकडा परत द्यायचा, मोठं असेल तर धन, सारखं असेल तर शून्य. बरेच जण सरळ वजाबाकी करून तेच उत्तर देतात, ते करू नका, २ अब्जातून उणे २ अब्ज वजा केले की ४ अब्ज होतात आणि ते ३२ बिटांच्या इंटमध्ये, म्हणजे पूर्णांक साठवायच्या जागेत, मावत नाहीत, चिन्हच उलटतं. लहान आहे का, मोठं आहे का असं वेगवेगळं विचारा.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते शून्य. शून्य म्हणजे 'क्रमात बरोबरीचे' एवढंच नाही, डेटाबेसच्या दृष्टीने ते दोन्ही एकच रेकॉर्ड. समजा कीखाली ऑर्डरी आहेत आणि फंक्शन फक्त वेळ बघतंय, तर एकाच सेकंदाला आलेल्या दोन वेगळ्या ऑर्डरींना मिळून एकच जागा मिळणार. वेळ सारखी असेल तर पुढे ऑर्डर नंबरही तपासा, आणि शून्य तेव्हाच द्या जेव्हा रेकॉर्ड खरंच एक असतील.

दुसरं म्हणजे हे फंक्शन फाइलमध्ये सेव्ह होत नाही. रेकॉर्ड ज्या क्रमाने रचली तो क्रम फाइलमध्ये राहतो, नियम मात्र तुमच्या कोडमध्ये. त्यामुळे डेटाबेस उघडायच्या आधी दरवेळी तेच फंक्शन द्यावं लागतं, त्या फाइलला हात लावणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमने. एलएमडीबी या दुसऱ्या एम्बेडेड डेटाबेसमध्येही, जो हॉवर्ड चू यांनी ओपनएलडॅप या डिरेक्टरी सर्व्हरसाठी लिहिला, दरवेळी तेच फंक्शन द्यायची अट आहे, फक्त तिथे ते डेटाबेस उघडल्यावर पण डेटाला हात लावायच्या आधी द्यायचं. नियम बदललात तर शोध बी-ट्रीमध्ये, म्हणजे रेकॉर्ड क्रमाने ठेवणाऱ्या झाडासारख्या रचनेत, चुकीच्या पानावर जातो आणि 'सापडलं नाही' म्हणून परत येतो, रेकॉर्ड फाइलमध्ये असूनसुद्धा, आणि एरर काहीच येत नाही.

बर्कली डीबीच्या फाइल तपासणाऱ्या डीबी-व्हेरिफाय या प्रोग्रॅमलाही तुमचा नियम माहीत नसतो, म्हणून क्रमाची तपासणी वगळायचा वेगळा पर्याय त्यात दिलाय. नियम बदलायचाच असेल तर जुन्या फंक्शनने सगळं वाचा आणि नव्या फंक्शनसकट नव्या फाइलमध्ये लिहा, हे काम तुमच्याच प्रोग्रॅमने करावं लागतं, कारण फाइलमध्ये डेटा भरणाऱ्या तयार डीबी-लोडला तुमचं फंक्शन सांगायची सोय नाहीये.